रुग्ण ढासळतोय हे वेळेत ओळखायचं कसं: कोकणातल्या वॉर्डमधल्या सिस्टरसाठी

चार्ट पूर्ण भरलेला असतो आणि तरी रुग्ण हाताबाहेर जातो. नंतर केसपेपर उघडला की दिसतं, नाडी, बीपी, ताप सगळं वेळच्या वेळी लिहिलंय. फक्त त्या आकड्यांवरून कुणी काही ठरवलेलं नाही. आकडा कागदावर गेला म्हणजे काम झालं, ही सवय आपल्याकडे फार खोल रुजली आहे.

कोकणात तिची किंमत जास्त मोजावी लागते. ग्रामीण रुग्णालयात रात्री एकच डॉक्टर असतात, तेच अपघातही बघतात आणि बाळंतपणही. पुढे पाठवायचं तर देवगड-वेंगुर्ल्याकडून ओरोस किंवा थेट गोव्यात बांबोळीचं मेडिकल कॉलेज, राजापूर-लांज्याकडून रत्नागिरी, नाहीतर घाट चढून कोल्हापूर. पावसात घाटात दरड आली की तो रस्ताही बंद. म्हणून बिघाड तासभर आधी लक्षात येणं हाच इथला खरा उपचार आहे, आणि तो सिस्टरच्या हातात आहे.

हा लेख प्रौढ रुग्णांसाठी आहे. १६ वर्षांखालची मुलं आणि गरोदर बाया यांना टप्पा ५ मधली गुणपद्धत लावू नका, त्यांचे निकष वेगळे असतात. औषधांचे डोस आणि आदेश तुमच्या डॉक्टरांचे आणि रुग्णालयात ठरलेल्या पद्धतीचेच.

टप्पा १: हँडओव्हरच्या (ड्युटी सोपवण्याच्या) आधी दहा मिनिटं

रुग्णाकडे जाण्याआधी सामान हाताने तपासा. वहीत 'चेक केले' असं लिहिलेलं असलं तरी.

ऑक्सिजनचा सिलिंडर उघडून काटा बघा. लहान, म्हणजे बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटरने लावला तर अडीच तास. काटा निम्म्यावर असेल तर सव्वा तास. हा हिशोब आधीच करून ठेवा, कारण वादळात लाइट गेली की कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं विजेवरचं मशीन) बंद पडतो आणि तेव्हा सिलिंडरची चावी शोधत बसायला वेळ नसतो. चावी सिलिंडरलाच बांधून ठेवा.

सक्शन सुरू करून नळीवर बोट ठेवा, ओढ लागते का बघा. अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबून बघा, मास्क सोबत आहे ना बघा. इमर्जन्सी ट्रेमधल्या ॲड्रेनालिनची तारीख वाचा.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांकडे पावसाळ्यात खास लक्ष द्या. आपल्या दमट हवेत डबीचं झाकण उघडं राहिलं की पट्ट्या खराब होतात आणि आकडा चुकीचा येतो. एक पट्टी काढली की झाकण लगेच लावायचं. पट्ट्या सुट्या खिशात ठेवायच्या नाहीत.

टप्पा २: हँडओव्हर खाटेपाशीच

टेबलावर बसून वही वाचली की हँडओव्हर होत नाही. दोघींनी मिळून खाटेपाशी जायचं. नाव रुग्णाकडून वदवून घ्या. 'तुम्ही सावंत ना?' असं विचारलंत तर गुंगीतला माणूसही हो म्हणतो. 'तुमचं पूर्ण नाव सांगा' असंच विचारायचं. एकाच वाडीतले, एकाच आडनावाचे दोन रुग्ण शेजारी असणं आपल्याकडे नवलाचं नाही, म्हणून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि वयही ताडून घ्या.

मग सलाईनची बाटली, सुईची जागा, लघवीची पिशवी, ड्रेसिंग दोघींनी डोळ्यांनी बघायचं. जाणाऱ्या सिस्टरला एक प्रश्न नक्की विचारा: 'यातल्या कुणाची तुला काळजी वाटतेय?' या प्रश्नाला जे उत्तर मिळतं ते चार्टवर सहसा नसतं.

> तपासणी: हँडओव्हर संपल्यावर पहिलं कुणाकडे जायचं हे ठरलं आहे का? ठरलं नसेल तर हँडओव्हर अपुरं आहे.

टप्पा ३: आधी माणूस, मग मशीन

बोटाला ऑक्सिमीटर लावण्याआधी खाटेच्या पायथ्याशी उभं राहून रुग्णाकडे बघा. बसलाय की झोपलाय? एक वाक्य सलग बोलतो की दोन शब्दांनी थांबतो? कपाळाला घाम आहे का? हात गार आहेत का?

नातेवाईकांचं म्हणणं इथेच ऐकायचं. 'सिस्टर, आज ह्यांचा काय ता बरोबर दिसणा नाय' असं बायको सांगते तेव्हा ती रोजच्या माणसाशी तुलना करत असते, आणि ती तुलना आपल्याकडे नसते. काल बोलणारा माणूस आज गोंधळला असेल, उलटसुलट बोलत असेल, तर वय झालंय म्हणून सोडून द्यायचं नाही. नव्याने आलेला गोंधळ हे गंभीर लक्षण आहे.

> सावधान: गुंगीत आलेल्या कुठल्याही माणसाची साखर मोजल्याशिवाय 'दारू प्यायलाय' असं लिहू नका. वास येत असला तरी. ७० मिग्रॅच्या खाली साखर असेल तर ती आधी भरून काढायची. शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, शिरेतून डेक्स्ट्रोजसाठी (साखरेच्या सलाईनसाठी) डॉक्टरांना तातडीने बोलवा.

टप्पा ४: मोजायचं ते खरं मोजा

सगळ्यात जास्त खोटा लिहिला जाणारा आकडा श्वासाचा. कुठलाही वॉर्ड घ्या, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर ओळीने १८, २०, १८, २० दिसेल. आणि प्रकृती बिघडायला लागली की बऱ्याचदा सगळ्यात आधी बदलतो तो श्वासच.

श्वास पूर्ण ६० सेकंद मोजा. रुग्णाला सांगू नका, नाहीतर तो श्वास बदलतो. नाडी धरल्यासारखा हात मनगटावर ठेवा, तोच हात त्याच्या छातीवर टेकवा आणि छातीचं वर-खाली होणं मोजा. हा एक मिनिट वाया जातो असं वाटतं, पण पूर्ण ड्युटीतला तो सगळ्यात कामाचा मिनिट आहे.

ऑक्सिमीटरचा आकडा वाचण्याआधी मशीनवरची नाडी आणि तुम्ही हाताने मोजलेली नाडी जुळते का बघा. जुळत नसेल तर ऑक्सिजनच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. बोटं गार पडली असतील, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर बोट चोळून गरम करा, नाहीतर दुसरं बोट घ्या.

बीपीचा कफ लहान पडला तर बीपी खोटं जास्त दिसतं. जाड दंडाच्या माणसाला मोठा कफ लावा, हात हृदयाच्या उंचीवर ठेवा, आणि बाहीवरून कफ गुंडाळू नका.

लघवी मिलिलिटरमध्ये लिहा. 'झाली' हा आकडा नव्हे. तासाला किलोमागे अर्धा मिली ही किमान पातळी धरा. ६० किलोच्या माणसाला तासाला ३०, चार तासांत १२० मिली. कॅथेटर नसेल तर नातेवाइकांना मापाचं भांडं द्या आणि ओतायच्या आधी दाखवायला सांगा.

टप्पा ५: आकडे एकमेकांना जोडा

इथेच गाडी अडते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची गुणपद्धत, न्यूज-२, ही २०१७ची सुधारित आवृत्ती आहे. ती पाठ करायची गरज नाही, कार्डावर लिहून खिशात ठेवा:

- श्वास: १२ ते २० ला ०, ९ ते ११ ला १, २१ ते २४ ला २, ८ किंवा कमी अथवा २५ किंवा जास्त असेल तर ३
- ऑक्सिजन: ९६ आणि वर ०, ९४-९५ ला १, ९२-९३ ला २, ९१ किंवा कमी ३. ऑक्सिजन लावलेला असेल तर आणखी २
- वरचं बीपी: १११ ते २१९ ला ०, १०१ ते ११० ला १, ९१ ते १०० ला २, ९० किंवा कमी अथवा २२० आणि वर ३
- नाडी: ५१ ते ९० ला ०, ४१ ते ५० किंवा ९१ ते ११० ला १, १११ ते १३० ला २, ४० किंवा कमी अथवा १३१ आणि वर ३
- ताप: ९६.९ ते १००.४ ला ०, त्यावर १०२.२ पर्यंत १, त्याहून जास्त २. ९५.१ ते ९६.८ ला १, ९५ किंवा कमी ३
- शुद्ध: जागा आणि नीट बोलणारा ०. नवा गोंधळ, हाक मारल्यावरच किंवा चिमटा काढल्यावरच प्रतिसाद, अथवा प्रतिसादच नाही: ३

जुना दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असून शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, असं डॉक्टरांनी ठरवलेलं असेल तर ऑक्सिजनचं लक्ष्य ८८ ते ९२ असतं. त्या रुग्णासाठी ऑक्सिजनच्या गुणांची वेगळी मोजपट्टी वापरायची, तीही डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच.

एकूण ५ किंवा ६ झाले तर डॉक्टरांना तातडीने कळवायचं आणि निदान दर तासाला मोजायचं. ७ किंवा जास्त झाले तर आणीबाणी, खाट सोडायची नाही. एकाच रकान्यात ३ आले तरी दर तासाला मोजायचं आणि कळवायचं.

आता एक उदाहरण जवळून बघू. समजा, लावणीच्या दिवसांत ५२ वर्षांचा शेतकरी दाखल आहे. ताप, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) संशय. वजन ६० किलो.

सकाळी ८: श्वास १८, ऑक्सिजन ९६, बीपी ११८/७६, नाडी ९६, ताप १०१.८. गुण २.
दुपारी १२: श्वास २२, ऑक्सिजन ९५, बीपी १०८/७०, नाडी १०८, ताप १००.८. गुण ६.
दुपारी ४: श्वास २६, ऑक्सिजन ९२, बीपी ९८/६४, नाडी ११८, ताप ९९. गुण ९.

बारा वाजता एकही आकडा भीतीदायक दिसत नाही. प्रत्येक आकडा जेमतेम सरकलाय. बेरीज मात्र २ वरून ६ वर गेली. चार वाजता ताप उतरला म्हणून घरचे खूश होतात, 'आता बरा हा' म्हणतात, आणि नेमका तेव्हाच रुग्ण सर्वांत जास्त धोक्यात आहे. नाडीचा आकडा वरच्या बीपीच्या पुढे गेलाय, हे एकच निरीक्षण धोक्याची घंटा म्हणून पुरेसं आहे. डॉक्टरांना फोन करायची वेळ बाराची होती.

> सावधान: गुण कमी आहेत म्हणून स्वतःची शंका दाबू नका. म्हाताऱ्या माणसाला जंतुसंसर्गात ताप येतोच असं नाही. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोलसारख्या बीपीच्या गोळ्या चालू असतील तर नाडी वाढतच नाही. अशा वेळी श्वास, शुद्ध आणि लघवी यांच्यावर जास्त भर द्या.

टप्पा ६: आपल्या किनाऱ्यावरचे तीन रुग्ण, वेगळी नजर

लेप्टो. वरच्या आकड्यांबरोबर लघवी, डोळ्यांचा पिवळेपणा आणि खोकला बघा. खोकल्यातून रक्ताचा ठिपका आला तरी लगेच कळवा, कारण फुप्फुसात रक्तस्राव सुरू होऊ शकतो. सलाईन चालू असताना श्वास वाढला तर सलाईन हळू करा, रुग्णाला बसतं करा आणि डॉक्टरांना बोलवा. बीपी कमी आहे म्हणून बाटलीमागून बाटली धावती सोडायची नाही.

साप. फुरसं आणि घोणस रक्त गोठू देत नाहीत. मण्यार आणि नाग श्वासाचे स्नायू लुळे पाडतात. २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी खाटेपाशीच होते, पण ती चुकवलीही फार जाते. नवी, स्वच्छ, कोरडी काचेची नळी घ्या. साबणाने धुतलेली नळी नको, प्लॅस्टिकची तर नकोच. २ मिली रक्त घालून नळी २० मिनिटं अजिबात हलवू नका, मग एकदाच तिरकी करा. रक्त वाहिलं तर ते गोठत नाहीये. मध्येच 'झालं का' म्हणून नळी हलवली की चाचणी वाया गेली.

चावलेल्या हातापायाला सुई लावू नका, स्नायूत इंजेक्शन देऊ नका, सूज कुठवर आली तिथे पेनने रेघ मारून वेळ लिहा. घरून घट्ट दोरी बांधून आणली असेल तर ती एकदम कापू नका. आधी सलाईन लागलेली, डॉक्टर शेजारी आणि प्रतिविष तयार असू द्या.

मण्यारीचा दंश बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री होतो. खूण दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून माणूस येतो. पापण्या जड झाल्यात का बघा आणि एका दमात किती अंक मोजता येतात ते दर अर्ध्या तासाला लिहा. २५ वरून १२ वर आला तर ऑक्सिजनचा आकडा ९७ असला तरी थांबायचं नाही.

प्रतिविष सुरू केल्यावर पहिली १५ मिनिटं खाट सोडू नका. ॲड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून शेजारी ठेवा. अंगावर गांधी, खाज, उलटी, श्वासात घरघर दिसली की प्रतिविष थांबवा आणि डॉक्टरांना हाक मारा.

लाल विंचू. घाम, गार हातपाय, उलट्या दिसल्या की वेदना कमी असली तरी धोका आहे, फुप्फुसात पाणी भरू शकतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी पुढे आणलेला प्राझोसिनचा (रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळीचा) उपचार आता आपल्याकडे वापरतात. गोळी दिल्यावर रुग्णाला उभं करू नका, लघवीलाही उठवू नका. बीपी एकदम पडून माणूस कोसळतो.

टप्पा ७: डॉक्टरांना फोन

फोन करण्याआधी केसपेपर आणि चार्ट हातात घ्या. 'सर, पेशंट बरा नाही, या ना' असं सांगितलं तर समोरच्याला घाई कळत नाही. वरच्या उदाहरणातला बाराचा फोन असा व्हायला हवा:

'सर, मेल वॉर्डमधून सिस्टर बोलतेय. पाच नंबर खाटेसाठी फोन केलाय, त्यांची प्रकृती बिघडतेय. वय ५२, काल दाखल, लेप्टोचा संशय. सकाळी गुण २ होते, आता ६. श्वास २२, ऑक्सिजन ९५, बीपी १०८/७०, नाडी १०८. आठपासून लघवी फक्त ८० मिली. मला वाटतं तुम्ही आत्ता येऊन बघावं. तोवर सलाईन किती चालवू आणि कोणतं रक्त पाठवू?'

तुम्हाला काय वाटतं आणि काय हवंय, हे शेवटी स्पष्ट सांगायचंच. फोनवरचा आदेश लिहून घ्या, परत वाचून दाखवा, वेळ टाका, आल्यावर सही घ्या. डॉक्टर प्रसूतीत अडकले असतील तर १५ मिनिटांनी पुन्हा फोन करा, मग वरच्या अधिकाऱ्यांना. असं करण्यात उद्धटपणा काही नाही.

टप्पा ८: औषध देताना

नाव, औषध, डोस, मार्ग, वेळ. हे सगळं खाटेपाशी, रुग्णाकडे बघत ताडायचं. दुसरीने भरलेली सिरिंज तुम्ही देऊ नका. चुका तीन ठिकाणी हमखास होतात.

इन्सुलिन. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्या मिलीला ४० युनिटच्या असतात, त्यांना लाल टोपीची सिरिंज. १०० युनिटच्या बाटलीला केशरी टोपीची. १०० ची बाटली आणि लाल सिरिंज अशी गल्लत झाली तर २० च्या रेघेला प्रत्यक्षात ५० युनिट जातात. बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचा, मगच सिरिंज उचला.

पोटॅशियम क्लोराइड. शिरेत थेट कधीही नाही, जीव जातो. सलाईनमध्ये घातलं की बाटली चार-पाच वेळा उलटी-सुलटी करून मिसळा आणि त्यावर लेबल लावा.

सलाईनचा वेग. सेटच्या पाकिटावर मिलीला किती थेंब ते छापलेलं असतं. २० थेंबांचा सेट असेल आणि ५०० मिली आठ तासांत द्यायचं असेल, तर मिनिटाला २१ थेंब. घड्याळ लावून मोजा, आणि रुग्णाने हात हलवला की पुन्हा मोजा.

टप्पा ९: दिल्यानंतर पुन्हा बघा

अर्धवट राहणारा टप्पा हा. बीपीसाठी सलाईन दिली तर १५ मिनिटांनी बीपी, श्वास आणि छातीचा आवाज. ऑक्सिजन लावला तर १० मिनिटांनी आकडा. दुखण्याचं इंजेक्शन दिलं तर दुखणं कमी झालं का आणि श्वास मंदावला का. सुधारणा नसेल तर टप्पा ७ पुन्हा. 'औषध दिले' या नोंदीखाली 'काय झालं' याची ओळ नसेल तर ती नोंद अर्धी आहे.

टप्पा १०: पुढे पाठवताना

१०८ ला फोन केल्यावर गाडी येईपर्यंतचा वेळ कामाचा आहे. शक्य असेल तर दोन सुया लावा आणि नीट चिकटवा, घाटातल्या वळणांत सुटतात. सिलिंडरचा हिशोब प्रवासाच्या दुप्पट वेळेसाठी धरा. कोणता रस्ता चालू आहे ते चालकाला विचारून डॉक्टरांना सांगा, करूळ घाट बंद असेल तर फोंडा घाटातून की सरळ खाली गोव्याकडे, हे गाडी निघण्याआधी ठरू द्या. पुढच्या रुग्णालयाला फोन करून खाट आणि व्हेंटिलेटर आहे का विचारा.

सोबतच्या कागदावर शेवटचे तीन वेळचे आकडे, दिलेली औषधं वेळेसह, प्रतिविषाच्या किती व्हायल्स, रक्त गोठण्याच्या चाचणीची वेळ आणि निकाल, एकूण लघवी, ॲलर्जी. फक्त 'पुढील उपचारासाठी' एवढं लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्या कामाची नाही.

नातेवाईक कधी कधी न्यायला तयार नसतात. पैसे, घरची गुरं, बांबोळीत राहायचं कुठे, या अडचणी खऱ्या असतात. रागावू नका. आधी ऐका, मग धोका साध्या शब्दांत सांगा, डॉक्टरांना पुन्हा बोलायला बोलवा. तरी घरीच नेतो म्हणाले तर कधी लगेच परत आणायचं ते सांगा: लघवी सहा तास झाली नाही, धाप लागली, खोकल्यातून किंवा हिरड्यांतून रक्त आलं, माणूस बरळायला लागला. सांगून झाल्यावर त्यांनाच विचारा, 'काय झालं तर परत आणाल?' त्यांचं उत्तर अपुरं असेल तर पुन्हा समजावा, आणि मगच कागदावर सही घ्या.